तिसरा कंपायलर

"मग त्या वॉर्निंग गेल्या कुठं?" याकूब सरांनी विचारलं.

शाल्मलीला शाबासकीची अपेक्षा होती. काल स्क्रीनवर दोनशे चौदा वॉर्निंग होत्या. आज एकही नव्हती.

"बंद केल्या, सर."

मिरजेतल्या त्या छोट्या कारखान्यात दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांना ऊब देणाऱ्या पेट्या बनत. प्रोग्राम एकच, पण पेट्या तीन तऱ्हेच्या, म्हणून तो यंत्राच्या भाषेत उतरवणारे कंपायलरही तीन. प्रोग्राममध्ये काही खटकलं की ते वॉर्निंग देत. शाल्मली तिथं याकूब सरांच्या हाताखाली नवी होती. कॉलेजात पहिली आली होती, आणि ते ती कुणाला विसरू देत नसे.

"बंद केल्या..."

"तिघांच्या तीन तऱ्हा, सर. एकाचं मन राखावं तर दुसरा कुरकुरतो. तो तिसरा तर वीस वर्षांचा म्हातारा, सगळ्यात छोट्या चिपसाठीचा. उगाच किरकिर करतो. प्रोग्राम चालतोय ना? मग झालं!"

सरांनी कानातलं श्रवणयंत्र काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"सर?"

ते तिच्याकडे मायेनं बघत राहिले.

"सर, ऐका ना, मी काय म्हणते..."

"आता," सर हसून म्हणाले, "तुझं एकही वाक्य चुकत नाही."

शाल्मलीचा चेहरा उतरला. मग वॉर्निंग बंद करणारी ती ओळ तिनं स्वतःच पुसली. दोनशे चौदाच्या दोनशे चौदा परत आल्या.

सरांनी यंत्र कानात घातलं आणि खुर्ची तिच्या शेजारी ओढली. "चल. पहिली वाच."

दोन दिवस दोघं वाचत होते. बहुतेक किरकोळ होत्या. जिथं कंपायलरचाच गैरसमज असे, तिथं सर त्या एकालाच, त्या एका ओळीपुरतं गप्प करायला सांगत. आणि का केलं, ते शेजारी लिहायला लावत.

तिसऱ्या दिवशी दुपारी शाल्मली थबकली.

"काय गं?"

"हा आकडा या जागेत मावणार नाही म्हणतोय. म्हातारा एकटाच. बाकी दोघं काहीच म्हणत नाहीत."

"कसला आकडा?"

"हीटर किती सेकंद चालू आहे, तो."

तिनं कागदावर गणित मांडलं. छोट्या चिपच्या जागेत बत्तीस हजार सातशे सदुसष्टपर्यंतच मोजता येत होतं. म्हणजे नऊ तास सहा मिनिटं. पुढं मोजणी उलटून उणे होणार, आणि ऊब थांबवायची वेळ पेटीला कळणारच नाही.

पेट्या सोमवारी गावोगावच्या दवाखान्यांत जायच्या होत्या.

तिनं आकड्याची जागा वाढवली. तिन्ही कंपायलर पुन्हा चालवले. ती वॉर्निंग आपणहून गेली. तरी शाल्मलीनं कागदावरचं गणित पुन्हा एकदा तपासलं.

"सर, त्या पेटीत बाळ..."

सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

"मी त्यालाच गप्प करून टाकलं होतं," ती डोळे पुसत म्हणाली. "पण ते बाकीचे दोघं, सर? ते का नाही बोलले?"

सरांनी कागदावरच्या त्या आकड्यावर बोट ठेवलं.

"त्यांच्या चिप मोठ्या, आकड्याला जागाही मोठी. मोठ्या घरात राहणाऱ्यांना भिंत लागत नाही, बेटा."