मिरीची जखम सुकेना

एक होतं कुत्र्याचं पिल्लू. काळं काळं, इवलं इवलं. नाव मिरी.

मिरीच्या पाठीला खाज सुटली. खरखर, खरखर. मिरीने खाजवलं. केस गेले. मिरीने चाटलं. आणखी केस गेले. चिंचोक्याएवढी जखम झाली.

मिरी म्हणाली, "माझे केस मला परत हवेत. मी नाही गप्प बसायची."

निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु. गुरांच्या दवाखान्यात डॉक्टरताई होत्या.

"जखम सुकेना. डॉक्टरताई, मलम लावता का?"

"जखमेवर माती किती गं. मलम काय मातीला लावू? आधी कोमट पाण्याने धुऊन ये."

मिरी निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु. घरी बादलीत पाणी होतं.

"ताई मलम लावेनात, जखम सुकेना. पाणीदादा, तापता का?"

"मी गारेगार. चूल पेटली तर तापेन."

मिरी निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु.

"पाणी तापेना, ताई मलम लावेनात, जखम सुकेना. चूलबाई, पेटता का?"

"माझ्या पोटात नुसती राख. लाकूड आलं तर पेटेन."

मिरी निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु. अंगणात लाकूड होतं.

"चूल पेटेना, पाणी तापेना, ताई मलम लावेनात, जखम सुकेना. लाकूडभाऊ, चुलीत जाता का?"

"कसा जाऊ? माझ्यावर आजोबा बसलेत. ते उठले तर जाईन."

मिरीने मान वर केली. वर आजोबा. पाय पसरून बसलेले.

"लाकूड हलेना, चूल पेटेना, पाणी तापेना, ताई मलम लावेनात, जखम सुकेना. आजोबा, उठता का?"

आजोबा म्हणाले, "हट्. कुत्र्याला कसलं मलम? चाटलं की बरं होतं."

"चाटलं, आजोबा. चाटून वाढली."

"मग आणखी चाट. आमच्या वेळी असंच होतं."

मिरी हलली नाही. तिने आजोबांचा पाय पाहिला. अंगठ्याला पांढरी पट्टी.

"आजोबा, हे काय?"

"ठेच लागली. फार दुखतं गं."

"मग चाटा ना."

"शी. जखम कुणी चाटतं का?"

आजोबा बोलले. आणि आपल्याच पट्टीकडे बघू लागले.

मिरी म्हणाली, "उठता का?"

आजोबा उठले.
लाकूड हललं.
चूल पेटली, धडधड धडधड.
पाणी तापलं, कोमट कोमट.
आजोबांनीच जखम धुतली. थपथप टिपली.
ताईंनी मलम लावलं, गारगार गारगार.

"रोज धुवायची, रोज मलम," ताई म्हणाल्या. "आणि चाटायचं नाही."

आजोबा मिरीजवळ बसून राहिले. मिरीने जीभ काढली की म्हणायचे, "अंहं."

एक दिवस गेला. दोन दिवस गेले. खूप दिवस गेले. जखम सुकली. मग पाठीवर एक केस आला.

काळा. मऊ. मिरीचा.

खपली पडली, गोष्ट सरली.