उरलेल्या ताटांचा उपाय

पुरुषांच्या ताटात उरेल ते बायकांनी संपवायचं, अन्न टाकायचं नाही, हा नियम केतकीला लहानपणीच सांगितला होता. का, ते विचारायचं नाही, हेही.

वाढलेल्या वजनावर उपचार लागतील अशी प्रौढ माणसं गावात किती, ते पाहायला डॉक्टर आले होते. सकाळी चावडीपुढे सगळे काट्यावर चढले. केतकीची आई गुडघा धरून चढली, तेव्हा लोक हसले. उपचाराची गरज निघाली ती बहुतेक बायकांनाच.

दुपारी डॉक्टर सरपंचांकडे, म्हणजे केतकीच्या चुलत्यांकडे, आबांकडे जेवायला बसले. "औषधं कशाला?" आबा म्हणाले, "बायकांचं एक वेळचं जेवण बंद करतो उद्यापासून. बसून खातात नुसत्या!" वाढणारी आई खाली मान घालून उभी राहिली.

अर्धा भात तसाच ठेवून आबांनी ताट बाजूला सारलं. "काय गं कॉलेजवाले, पटतंय ना?" त्यांनी केतकीला विचारलं.

"नाही, आबा. डॉक्टर, औषध पुरुषांना द्या. भूक लागायचं. आपलं ताट आपणच संपवून उठले, की बायकांची वजनं आपोआप उतरतील. आईच्या गुडघ्यांना मात्र आता उशीर झालाय."

डॉक्टरांना हसू आलं, पण आईकडे पाहून ते ओसरलं.

"जीभ फार चालते," आबा गरजले. "आधी हे ताट संपव!"

"नाही संपवणार. मी नाही, आईही नाही."

आईचा हात मात्र सवयीने त्या ताटाकडे गेला होता.