केवडीची ओंजळ आणि रुसलेल्या घारी

समुद्राच्या मधोमध धूपबेट नावाचं एक इवलंसं बेट होतं. त्या बेटावर केवडी राहायची. तिला वडील नव्हते. आई होती आणि पाळण्यात एक बाळ होतं. घरात खायला कधी पेज असायची, कधी तीही नसायची. तरी केवडी आपल्या वाटणीतला शेवटचा घोट आईसाठी ठेवायची आणि म्हणायची, "माझं पोट लहान आहे गं."

बेटाच्या मध्यावर एक डोंगर होता. एक दिवस तो डोंगर फुटला. लालभडक रस उकळत खाली आला, आभाळातून राख पडली. माणसं होड्यांत बसून समुद्रावर गेली म्हणून वाचली. सगळं निवल्यावर ती परत आली, तर किनाऱ्यावरची घरं तेवढी उभी होती, पण बेटावर एकही झाड उरलं नव्हतं. घारी उडून गेल्या होत्या, गरुड गेले होते, घुबडं गेली होती.

मग राखेतून हिरवं हिरवं गवत आलं. सगळ्यांना आनंद झाला. पण गवताबरोबर उंदीरही आले. ते बिळात लपून वाचले होते. आता त्यांना खाणारं कुणी नव्हतं, म्हणून ते वाढले आणि वाढतच गेले. त्यांनी सुके बोंबील खाल्ले, जाळी कुरतडली, मडक्यातलं वरीचं बियाणं खाल्लं. केवडीच्या आईनं उरलेल्या बियाण्याची पुरचुंडी बांधली आणि बाळाच्या पाळण्यातच ठेवली. पाळणा टांगलेला, म्हणून तिथे उंदीर पोचत नव्हते. पण हल्ली ते दोरीवरूनही उतरायला शिकले होते. त्यामुळे आई हातात केरसुणी घेऊन पाळण्याजवळ बसून असायची. तिचा डोळ्याला डोळा लागत नव्हता.

धर्मा नाखवा गावात सगळ्यांत मोठे. ते म्हणाले, "हे बियाणं गेलं की संपलं. मग बेट सोडायचं."

"आणि जायचं कुठं?" शेजारच्या भिकूबाईनं विचारलं.

"ते समुद्राला विचार," नाखवा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी केवडी डोंगराच्या पायथ्याशी भाजी खुडायला गेली. एकटी गेली, पण आईला सांगून गेली, आणि पायात चपला घालून गेली. तिच्याकडे लोटीभर पाणी होतं. तिथे राखेत काहीतरी लुकलुकत होतं. बघते तर काय, बोटाएवढी परी! तिचा झगा जांभळा, केस सोनेरी, डोळे काजव्यासारखे. पण तिचे चिमुकले पंख राखेनं माखून गेले होते. तिला उडता येत नव्हतं.

"हलू नकोस हं," केवडी म्हणाली. तिनं आपलं पिण्याचं पाणी थेंब थेंब ओतून ते पंख धुतले. राख गेली आणि पंखांवर निळा, हिरवा, गुलाबी असे रंग चमकले. लोटी रिकामी झाली.

"तुला तहान लागेल ना," परी म्हणाली.

"लागेल. मग घरी जाऊन पिईन."

परी हसली. "मी तुला दोन गोष्टी देते. पण नियम आहेत. तुझ्या ओंजळीत मावेल तेवढंच मागायचं. आणि जिवंत पक्षी-प्राणी मागायचे नाहीत. ते कुणाचे नोकर नसतात. स्वतःसाठी मागितलंस तरी चालेल."

केवडीला भूक लागली होती. गूळ ओंजळीत मावला असता. पण तिला पाळणा आठवला.

"घारी का येत नाहीत?" तिनं विचारलं.

"कशा येतील? घार आधी उंच बसते, खाली बघते, मगच झेप घेते. बसायला आहे का काही?"

"मग मला एक झाड दे."

परीनं टाळी वाजवली. केवडीच्या ओंजळीत पिंपळाचं रोप आलं. दोन तांबूस पानांचं, एवढंसं. केवडीचे डोळे भरले.

"ह्याच्यावर तर माशी पण बसणार नाही."

"ओंजळीत एवढंच मावतं," परी म्हणाली. "नियम मी मोडत नाही. पण उंच म्हणजे झाडच असं काही नाही. डोकं चालव."

केवडीनं रोप लावलं आणि विचार करत घरी निघाली. किनाऱ्यावर नाखव्यांची फुटकी होडी पडली होती. त्या होडीची डोलकाठी मात्र सरळ उभी होती. शीड बांधायचा तो उंच खांब पाहून केवडी थांबली. मग पळत नाखव्यांकडे गेली.

"नाखवाकाका, डोलकाठी द्या. डोंगराच्या उतारावर रोवायची. घारीला बसायला."

"घारीला? खाट पण देऊ का, उशी पण?"

भिकूबाई हसली. पण नाखव्यांनी समोरच्या घरात केरसुणी घेऊन पाळण्याजवळ बसलेल्या केवडीच्या आईकडे पाहिलं. तिचे डोळे लाल झाले होते. नाखवा उठले. मग म्हणाले, "होडी नाहीतरी फुटलेलीच आहे. चला रे, दोर आणा."

सगळ्यांनी मिळून डोलकाठी उतारावर रोवली. वर एक आडवी फळी ठोकली. मग सगळे वाट बघत बसले. बरेच दिवस काही झालं नाही. आणि एका सकाळी समुद्राकडून एक ठिपका आला. ठिपक्याला पंख फुटले, चॉकलेटी पंख. घार!

आता काय झालं ते ऐका. बेटावर पूर्वीपासून रीत होती. अंगणात दोऱ्यांवर बोंबील सुकत घालायचे आणि घार दिसली की थाळ्या बडवून तिला हाकलायची. बेटावरचं मूल चालायला लागलं की त्याच्या हातात आधी थाळी द्यायचे. घार दिसताच सगळे आनंदानं बाहेर धावले, आणि हातात काय? थाळ्या. ठण ठण ठण ठण! "हो, हो, हो!" घार वळली आणि समुद्राकडे निघून गेली.

मग सगळे आपापल्या हातातल्या थाळीकडे बघत राहिले.

"मी नाही वाजवली," भिकूबाई म्हणाली.

"तुझीच सगळ्यांत मोठ्यानं वाजली," नाखवा म्हणाले. "आणि माझी त्याच्या खालोखाल."

त्याच दिवशी दोरीवरून उतरलेल्या उंदरानं पुरचुंडीला भोक पाडलं. आईनं केरसुणीनं त्याला हुसकलं. थोडं बियाणं सांडलं. ती एकेक दाणा गोळा करू लागली. केवडी डोंगराकडे धावली.

"परी, मला ओंजळभर गप्प दे."

"हे शेवटचं मागणं आहे हं. घरात पेज नाही ना आज?"

"नाही. पण गप्पच दे."

केवडीच्या ओंजळीत पांढरं, मऊ, कापसासारखं काहीतरी आलं. परी म्हणाली, "एकदाच पुरेल. पुढचं माणसांनी बघायचं."

केवडीनं घरोघर जाऊन प्रत्येक थाळीवर त्याची चिमूट चिमूट टाकली. दोन दिवसांनी घार पुन्हा आली. सवयीनं सगळ्यांचे हात थाळीकडे गेले. त्यांनी थाळ्या बडवल्या, पण आवाजच नाही. भिकूबाई ओरडली, तर थाळीवरचं गप्प उडून तिच्या तोंडात गेलं आणि नुसतं तोंड उघडलं. घार डोलकाठीवर उतरली. मान वाकडी करून तिनं गवतात पाहिलं. मग खाली झेपावली आणि उंदीर घेऊन वर गेली.

कुणी काही बोललं नाही. आता बोलता येत होतं, तरी नाही.

पुढच्या वेळी घार आली तेव्हा थाळ्यांवर गप्प नव्हतं. नाखव्यांनी आपली थाळी पालथी घातली आणि ते तिच्यावर बसले. भिकूबाईनं तोंडावर पदर धरला. घारीनं जाता जाता तिचा एक बोंबील उचलला, तेव्हा पदराआडून एवढंच ऐकू आलं, "मेली, चांगला मोठा बघून नेला."

घारीमागून दुसरी घार आली. मग लाल डोळ्यांची पांढरीशुभ्र कापशी घार आली. मग समुद्रगरुड आला, आणि फुटक्या होडीच्या पोटात घुबडांनी घर केलं. उंदीर कमी कमी होत गेले. पाळण्याच्या दोरीवरून आता कुणी उतरत नव्हतं.

पेरणीच्या दिवशी आईनं पुरचुंडी सोडली. केवडीनं आणि आईनं मिळून वरी पेरली. काम संपल्यावर आई बांधावर बाळाशेजारी जरा टेकली.

तेवढ्यात परी आली. केवडीच्या बोटावर बसली.

"तू तुझ्यासाठी काहीच मागितलं नाहीस," ती म्हणाली. "म्हणून आता मी माझ्या मनानं देते. ह्याला नियम नाही."

तिनं पंख झटकले. निळे, हिरवे, गुलाबी कण काळ्या मातीवर सांडले आणि बघता बघता वरीचे पोपटी कोंब वर आले. एका ओळीत नाही, सगळ्या शेतभर. केवडीनं ओंजळ पुढे केली, तर ती गुळानं भरली.

"अर्धा आईला," केवडी म्हणाली.

"मला माहीत होतं," परी म्हणाली, आणि चमकू लागली. आधी दिव्याएवढी, मग चंद्राएवढी, मग सगळं शेत, सगळा डोंगर, सगळा समुद्र सोनेरी झाला. त्या उजेडात परी विरघळून गेली.

एवढा उजेड आईच्या तोंडावर पडला, पण ती उठली नाही. कितीतरी रात्रींनंतर ती गाढ झोपली होती.