जावांची फांदी

“या पाडव्यापासून पुढच्या पाडव्याचा सूर्य उगवेपर्यंत, आई, तुझ्याच झाडाची लाख पाने तुला वाहीन. वाहताना तोंडातून अवाक्षर काढणार नाही. माझी येसू तेवढी बोलू दे.” म्हाळसा हा नवस ज्या कडुलिंबाखाली बोलली, तो पळसओहोळच्या टेकडीवर निंबजाईच्या देवळासमोर अजून उभा आहे. फाल्गुन सरताना त्याची पानन्‌पान गळते, नुसता सांगाडा उरतो. पण देवळाच्या पायरीवर झुकलेली एक फांदी बाकीच्या झाडाच्या आधी तांबूस कोवळी पालवी धरते. ओटी भरायला आलेल्या बायकांना गुरवांच्या अनसूयाबाई आधी ती फांदी दाखवतात, मग देवीकडे नेतात. त्या सांगतात ती हकिगत अशी.

फार जुना काळ. घाटाखालून मीठ बैलांवर लादून आणणारे दोघे भाऊ गावात राहत. दोघे महिनोन्‌महिने वाटेवरच असत. घरी थोरल्याची बायको म्हाळसा, धाकट्याची ठकू, आणि म्हाळसाची तीन वर्षांची येसू. पोर हसे, रडे, बोट दाखवून मागे. पण शब्द म्हणून नाही. ठकूला मूलबाळ नव्हते. तिचा सगळा जीव येसूत.

नवस सुरू झाला. रोज पहाटे म्हाळसा आदल्या दिवशी तोडलेली पाने ओसरीवर मोजी, शंभर झाली की जोंधळ्याचा एक दाणा गाडग्यात टाकी, आणि अंघोळ करून पाने देवीला वाहून येई. हजार दाणे झाले की लाखोली पुरी, असा साधा हिशेब.

नागपंचमीच्या पहाटे तिने तीनशे पाने मोजली, तीन दाणे टाकले आणि ती न्हाणीत गेली. इकडे ठकू सणाची म्हणून लवकर उठलेली. अंधुक उजेडात तिने ओसरी झाडली आणि पाने केरात गेली. म्हाळसा बाहेर येऊन बघते तो ओसरी लख्ख! तिच्या तोंडून निघून गेले, “तुला मूल असतं म्हणजे कळलं असतं, ही पानं कसली ते!”

ठकू काही बोलली नाही. त्या दिवशीच नाही, तर पुढेही नाही. म्हाळसाही बोलेना. एका घरात दोन चुली झाल्या. नवसाचे मौन पाने वाहण्यापुरते होते. ते आता दिवसभराचे झाले. येसूला काकूच्या चुलीकडे जायची बंदी झाली. पोर दोन्ही चुलींच्या मध्ये उंबऱ्यावर बसून राही.

असे करता करता फाल्गुनातली अमावास्या आली. हजारावा दाणा गाडग्यात पडला. म्हाळसा झाडावरची शेवटची पाने आणि गाडगे घेऊन हरखून टेकडी चढली. येसू बोलली नव्हती, पण आता बोलणारच होती.

तेव्हाची गुरवीण म्हणजे फटकळ म्हातारी. ती म्हणाली, “नवस पुरा झाला म्हणायच्या आधी देवीपुढं वर्ष सांगायचं असतं. बस इथं. पाडव्यापासून सांग.”

म्हाळसा सांगू लागली. चैत्रातली कैरी सांगितली, ज्येष्ठात मेलेली गाय सांगितली, आषाढात येसूला आलेला ताप सांगितला. मग म्हणाली, “आणि नागपंचमीला ठकूनं माझी पानं केरात टाकली.”

“बरं. मग तू काय केलंस?”

“मी काय करणार? बोलले जरा.”

“काय बोललीस?”

म्हाळसाने तोंड उघडले, पण देवीसमोर ते वाक्य काही जिभेवर येईना. आठ महिने ठकूची केरसुणी तिच्या ध्यानात होती. स्वतःचे वाक्य मात्र ती पार विसरून गेली होती. आणि त्या वाक्यामागोमाग तिला दुसरेही आठवले. ते तीन दाणे! पाने देवीपर्यंत पोचलीच नव्हती, आणि दाणे मात्र गाडग्यात होते. लाखोलीत तीनशे पाने कमी होती. तिने दाराबाहेर वर पाहिले. झाडावर औषधालासुद्धा एक पान नव्हते.

“आजी, आता ग? उद्या उजाडेपर्यंतचीच मुदत!”

“मी पानं कुठून आणू? आधी ठकूशी बोल जा. देवी कुठं पळून जात नाही.”

दिवेलागणीला म्हाळसा ठकूच्या चुलीपाशी जाऊन उभी राहिली.

“ठकू, मी तुला त्या दिवशी जे बोलले ते लागलं असेल.”

“लागलं.”

“खोटं होतं ते. येसू तुझीही आहे.”

ठकूने फुंकणी खाली ठेवली. “आक्का, एवढं म्हणायला आठ महिने? पोर बोलत नाही म्हणून नवस करतेस, पण तिनं ऐकलंय काय वर्षभर? तू मला बघून वरवंटा आपटायचीस, मी तुला बघून फुंकणी. पोरीला वाटलं असेल, माणसं अशीच बोलतात!”

म्हाळसाला रडता रडता हसू आले. मग तिने पानांची गोष्ट सांगितली. ठकू उठली, फडताळातून खणाचे गाठोडे काढले आणि सोडले. आत पाने. वाळून तपकिरी झालेली, पण एकावर एक नीट रचलेली.

“त्याच दिवशी केरातून वेचली, ओढ्यावर धुतली. म्हटलं, आक्का हाक मारेल तेव्हा देईन. तू हाकच मारली नाहीस.”

पाडव्याच्या पहाटे तिघी टेकडीवर गेल्या. सुकी पाने चालतील का, असे म्हाळसाने भीत भीत विचारले. गुरवीण म्हणाली, “तू लाख पानं म्हणालीस. हिरवी म्हणाली होतीस का? मग वाहा मुकाट्यानं.”

म्हाळसा वाहू लागली, ठकू बोटांवर मोजू लागली. पूर्व उजळत चालली. दोनशे अठ्ठ्याण्णव, दोनशे नव्व्याण्णव... आणि खण रिकामा. ठकूचा चेहरा उतरला. म्हाळसाने एक बोट वर करून खुणेने विचारले, ‘एकच?’ ठकूने मान डोलावली.

त्या वेळी उंबऱ्यावर बसलेल्या येसूने नेहमीसारखे बोट दाखवले. पायरीवर झुकलेल्या उघड्या फांदीला एकच तांबूस, कोवळे पान फुटले होते. काल तिथे काही नव्हते, असे सांगतात. ठकूने म्हाळसाला कमरेला धरून उचलले, म्हाळसाने पान खुडले आणि धावत जाऊन वाहिले. तेवढ्यात सूर्य वर आला.

गुरविणीने वाहिलेल्यांतले एक पान उचलले, गुळाबरोबर चुरडले आणि येसूच्या जिभेवर ठेवले. चुरडताना गूळ जरा कमीच पडला असावा. पोरीने तोंड वाकडे केले आणि मोठ्याने म्हणाली,

“कडू!”

ठकू ओरडली, “कडू तर कडू! बोलली ग माझी बाय!” आणि दोघी जावांनी तिच्या तोंडात एवढा गूळ कोंबला की दुसरा शब्द यायला बराच वेळ लागला. पुढे येसू जी बोलायला लागली ती लग्नाच्या मांडवातही थांबली नाही म्हणे.

दोघींनी त्या दिवशी एकच गुढी उभारली आणि तिला त्या फांदीची उघडीच डहाळी बांधली.

आजही पळसओहोळात अमावास्येच्या दुपारी बायका देवीपुढे बसून वर्ष सांगतात, कोणी काय केले आणि मग आपण काय बोललो, दोन्ही. आणि पाडव्याला गुढीची डहाळी कोणी आपल्या दारातली बांधत नाही. वर्षात ज्या घराशी बोलणे तुटले, त्याच्या दारातून ती मागून आणायची. देणाऱ्याने डहाळीबरोबर गुळाचा खडा द्यायचा. परवा एका पाहुणीने अनसूयाबाईंना विचारले, “आणि आजी, सगळ्या गावाशीच भांडण असलं तर?” त्या म्हणाल्या, “मग बाई, टोपली घेऊन निघायचं.”

तुमच्या गावात हे झाड नसेल, पण कुठेतरी एखादे अबोल दार असेलच. येत्या पाडव्याला गुढी उभारण्याआधी तिथे जा आणि एवढीशी डहाळी मागा. गूळ ते देतील.