गुरुजींचे फोल्डर

एका गावच्या ग्रंथसंग्रहात एक वृद्ध आचार्य आणि त्यांची शिष्या जुन्या कागदपत्रांच्या नकला संगणकावर उतरवीत असत. मूळ कागद वाळवीने खाल्ले होते. आता या नकला हाच काय तो पुरावा. त्यांत कोणी गुपचूप फेरफार करू नये म्हणून आचार्यांनी एक प्रोग्रॅम आणवला. तो रोज ठरल्या वेळी प्रत्येक फाईल आदल्या तपासणीच्या वेळच्या रूपाशी ताडून पाही आणि काही बदलले असेल तर सांगे. कोणते फोल्डर तपासायचे, कोणते वगळायचे आणि तपासणी कधी लावायची, हे शिष्येने ठरवायचे होते.

तिने दुपारची वेळ लावली, सगळे फोल्डर निवडले आणि एकच वगळले. ते आचार्यांचे होते. गुरूंच्या लेखनावर पहारा बसवायचा, ही कल्पनाच तिला सहन होईना. भक्तीच्या भरात माणूस किती सहज वेडेपणा करतो!

एके दिवशी शेठजी आले. संगणक गावाने वर्गणीतून घेतलेला, पण इमारत शेठजींची, आणि ते ही गोष्ट कुणाला विसरू देत नसत. त्यांच्या आजोबांनी गावचे तळे सर्वांना खुले केल्याचे दानपत्र दात्यांच्या फोल्डरमध्ये होते. त्या फोल्डरचा पासवर्ड शेठजींच्या कारभाऱ्याकडेही होता. तळ्याभोवती भिंत घालायचा त्यांचा बेत तर गावात सगळ्यांनाच ठाऊक होता.

"दात्यांचं फोल्डरही त्या तपासणीतून काढा," शेठजी म्हणाले. "यादीत पाहिलं मी, आचार्यांचं वगळलंत ना? मग आम्ही काय चोर आहोत? उद्यापर्यंत करा, नाहीतर खोल्या रिकाम्या करा."

शिष्या रडवेली होऊन आचार्यांकडे गेली.

"गुरुजी, पहारा उठला की ते दानपत्र बदलणार. गाव पाण्याला मुकेल. मी काय करू?"

आचार्यांनी स्वतःचे फोल्डर उघडले आणि ज्या भाष्यात त्यांचे आयुष्य गेले होते, त्यातले एक अख्खे प्रकरण पुसून टाकले. मग म्हणाले, "आता तपासणी चालव."

तिने ती चालवली. पडद्यावर अक्षरे उमटली: कोठेही बदल नाही.

"गुरुजी, हे काय केलंत! त्याची दुसरी प्रतसुद्धा नाही!"

"नाहीच. आणि तुझा पहारेकरी म्हणतो, सगळं जागच्या जागी आहे," आचार्य म्हणाले. "अगं, तू मला मान दिलास, पण त्या मानापायी एक दार सताड उघडं ठेवलंस. शेठजी त्याच दारातून आत येतायत. त्यांना नाही म्हणायचं असेल, तर आधी मला नाही म्हणायला हवं. मी म्हातारा झालोय. उद्या माझा हात चुकेल, परवा कदाचित नियतही फिरेल. ज्याच्यावर संशय घ्यायला तुझं मन धजत नाही, त्याचीच तपासणी सर्वांत आधी लाव. ते प्रकरण मी पुन्हा लिहीन. जमलं तर."

दुसऱ्या दिवशी शेठजी कारभाऱ्यासह आले. शिष्येने त्यांच्यादेखत वगळलेल्यांची यादी रिकामी केली. आचार्यांचे फोल्डर तपासणीत पहिले घातले, दात्यांचे त्यामागोमाग. दुपारच्या एका वेळेऐवजी तासातासाला तपासणी लावली, आणि अहवाल थेट गावकऱ्यांच्या फोनवर जाईल अशी सोय केली.

"इमारत माझी आहे, हे विसरू नका!" शेठजी कडाडले.

"तुमचीच आहे. ठेवा तुमच्यापाशी." शिष्या उठून उभी राहिली. "तळं गावाचं आहे."

"मग आजच्या आज चालते व्हा!"

"होतो ना," आचार्य म्हणाले, आणि गुडघ्यावर हात टेकून वाकत त्यांनी संगणकाची पहिली वायर स्वतः काढली.

गावच्या शाळेच्या ओसरीवर वीज होती. पुढची तपासणी तिथे झाली, सगळ्या गावासमोर.