ओढलेले ताट

एका नगरात एक वैद्य होता, पण ताप, खोकला, पोटदुखी यांच्याशी त्याला देणेघेणे नव्हते. तो मनाचा वैद्य होता. नाव त्रिविक्रमशास्त्री. वेड्यांना साखळदंडाने बांधून ठेवण्याचा तो काळ. शास्त्रीबुवा मात्र म्हणत, "मन आजारी पडतं, तसं ते बरंही होतं." राजाला ते पटले. त्याने गावाबाहेर मोठी आरोग्यशाळा बांधली आणि सांगितले, "आत कोणाला घ्यायचं, ते ओळखायची परीक्षा तेवढी शोधून काढा."

शास्त्रीबुवा कामाला लागले. तालमीत, छावणीत, पारावर बसून त्यांनी वर्षानुवर्षे माणसे न्याहाळली. माणसे म्हणजे पुरुष, हे सांगायला नकोच. बायका पारावर कुठून येणार? शेवटी परीक्षा सापडली, आणि मोठी गमतीची सापडली. माणसाला जेवायला बसवायचे आणि दोन घास पोटात गेले की पुढचे ताट एकदम ओढून घ्यायचे. धडधाकट मनाचा माणूस चमके, हसे, नाहीतर विचारी, "अहो, हे काय?" आजारी मनाचा माणूस तांब्या फेकून मारी किंवा ढसाढसा रडे. पारावरच्या माणसांत ही परीक्षा कधी चुकली नाही.

मग कोणीतरी म्हणाले, बायकांनाही बसवून पाहा. बसवल्या. काय आश्चर्य! ताट ओढले तरी एकही बाई ओरडली नाही, रडली नाही, का ओढले म्हणून कोणी विचारलेसुद्धा नाही. शास्त्रीबुवांनी भर दरबारात सांगितले, "महाराज, स्त्रीचं मन जात्याच निरोगी असतं. आरोग्यशाळेत त्यांच्यासाठी जागा ठेवायला नको." राजाने त्यांच्या अंगावर शाल घातली. निम्मे राज्य औषधावाचून बरे झाले होते, आणखी काय हवे!

त्याच सुमारास शास्त्रीबुवांची एकुलती एक मुलगी, वेणू, माहेरी आली. पूर्वी घर डोक्यावर घेणारी ही पोर आता तासन्‌तास भिंतीकडे बघत बसे. तिची आई सगुणाबाई घाबरून गेल्या.

"अहो, हिला आरोग्यशाळेत न्या. ही माझी वेणू राहिलेली नाही."

"परीक्षा सांगेल ते खरं," शास्त्रीबुवा म्हणाले.

सगुणाबाईंनी लेकीच्या आवडीची शेवयांची खीर वाढली. वेणूने दोन घास खाल्ले. बापाने ताट ओढले. वेणूने मान वर केली नाही. ती उठली, तिने बापाच्या हातातून ताट घेतले आणि मोरीवर नेऊन घासून टाकले.

"बघितलंस?" शास्त्रीबुवा खूश झाले. "इतकं शांत मन मी पाहिलं नाही. उद्याच सासरी पाठव."

सगुणाबाईंनी पदर तोंडाला लावला. शास्त्रापुढे आईचे काय चालणार? वेणू सासरी गेली.

आठवडाही उलटला नसेल, तोच निरोप आला. वेणूने नदीत उडी घेतली होती. नावाडी जवळ होता म्हणून वाचली.  शास्त्रीबुवा धावत तिच्या सासरी गेले. पोर ओल्या केसांनी खाटेवर पडली होती.

"वेणू, अगं, ताट ओढलं तेव्हा एक शब्द तरी बोलायचास!"

"बाबा, माझ्यापुढचं ताट ओढणारे तुम्ही काही पहिले नव्हतात. मला वाटलं, आता माहेरीही तेच."

शास्त्रीबुवांनी तिला हात धरून उठवले. ते तिला घरी घेऊन आले. दुसऱ्या दिवशी पानावर बसताना त्यांनी जन्मात पहिल्यांदा बायकोला विचारले, "तुझं ताट कुठं आहे?"

सगुणाबाई चकित झाल्या. "माझं? तुम्ही उठलात की तुमच्याच ताटात मी वाढून घेते. लग्न झाल्यापासून. ओढायला माझं ताट आहेच कुठं?"

शास्त्रीबुवांच्या हातातला घास हातातच राहिला. घरातली गोष्ट, रोज डोळ्यांपुढे घडणारी, आणि मनाच्या या पंडिताला ती दिसली नव्हती! ज्या ज्या बायकांना त्यांनी निरोगी ठरवून परत पाठवले, त्या साऱ्या डोळ्यांपुढे आल्या. त्यांतल्या कितीजणींजवळ नावाडी नव्हता? 

ते तसेच उठून दरबारात गेले आणि अंगावरची शाल राजापुढे ठेवली.

"महाराज, माझी परीक्षा खोटी आहे."

"कधी चुकत नाही म्हणत होतात ना?"

"ज्यांचं ताट कधी कोणी ओढलं नव्हतं, त्यांना बघून मी ती केली. ज्यांना ताटच नव्हतं, त्यांनाही तीच लावली. त्या गप्प राहिल्या, तर त्यांना निरोगी म्हटलं. बायकांसाठी दार उघडा महाराज. आधीच फार उशीर झालाय."

दरबार हसला, काहींनी टोमणे मारले. पण राजाला स्वतःच्या राणीवशातल्या शांततेची आठवण झाली आणि तो हसला नाही. दार उघडले.

पहिली आत गेली ती वेणू. शास्त्रीबुवांनी तिच्यापुढे भरलेले ताट ठेवले, समोर बसले आणि विचारले, "बाळ, काय होतंय तुला?"

वेणू बराच वेळ काही बोलली नाही. या वेळी शास्त्रीबुवांनी निकाल दिला नाही; ती बोलेपर्यंत ते समोरच बसून राहिले.

तात्पर्य: अर्ध्या माणसांना पाहून सगळ्या माणसांचे शास्त्र लिहू नये, आणि ज्याला कधी विचारलेच नाही, त्याच्या गप्प बसण्याला सुख समजू नये.