चौथ्या भोकावर थांबलेला बाण

शके अठराशे चाळीस, भाद्रपदाचा कृष्णपक्ष. नदीकाठच्या एका रानात एक म्हातारा सुतारपक्षी बाणाच्या काड्या करीत असे. धामणीच्या झाडाची काडी तो हवी त्यापेक्षा जाड घेई. सांबराच्या गळलेल्या शिंगाला त्याने चार भोके पाडली होती, एकापेक्षा एक लहान. शिंग खोडाच्या बेचक्यात अडकवून, पाय रोवून, तो काडी त्या चारही भोकांतून चोचीने ओढी. तिचा ढलपा निघत नसे. ती फक्त दाबली जाई. मग तिची टोके दोन दगडांवर ठेवून तो मधोमध एक धोंडा टांगी. चोचीच्या जाडीहून जास्त वाकली तर मोडून टाकी. रानात त्याच्या काडीला तोड नव्हती. हे त्याला ठाऊक होते आणि तो ते लपवीत नसे.

त्याच रानात एक वानर होता. कड्यावरची मधाची पोळी तो बाणांनी पाडी. नेम पक्का, जीभ त्याहून तिखट. सुतारपक्ष्याने केलेले सहा बाण त्याच्यापाशी होते.

एक दिवस तो शिंगाजवळ येऊन म्हणाला, "काका, दाबल्याने काडी ताठ होते ना? मग चारांवर का थांबता? पाचवे पाडा, सहावे पाडा!"

"तासून बारीक केलेल्या काडीपेक्षा दाबून बारीक केलेली ताठ असते," सुतारपक्षी म्हणाला. "पण तीच काडी जाड होती तेव्हा याहून ताठ होती. बारीक झाली की थोडी वाकायचीच. म्हणून जाड घेतो आणि चौथ्यावर थांबतो."

"चोच दुखते म्हणा की! असल्या काठ्या ढोरे हाकायला बऱ्या."

"ढोरे तरी हाकतील."

वानराला ते झोंबले. त्याने दुसरे शिंग शोधले, त्याला आणखी बारीक भोके पाडली आणि सहाही बाण त्यांतून ओढून काढले. बाण चकचकीत झाले. नखाने ओरखडा उठेना. ते मिरवीत तो परत आला.

"बघा काका, शिंगासारखे कठीण झालेत!"

"कठीण झाले. ताठ नाही झाले. धोंडा टांगून बघ."

"धोंडे तुम्ही टांगा," म्हणत वानर हसत निघून गेला.

तिसऱ्या दिवशी वरच्या डोंगरात पाऊस कोसळला आणि नदी फुगली. त्याची वानरी तान्ह्या पोराला पोटाशी घेऊन पात्रातल्या उंबरावर फळे खायला गेली होती. ती तिथेच अडकली. पाणी उंबराच्या मुळाखालची माती नेऊ लागले. झाड कलले. एवढी लांब वेल ओढत उडणे म्हाताऱ्या सुतारपक्ष्याला झेपणारे नव्हते. आता एकच उपाय होता. बाणाला बारीक वेल बांधायची, बाण उंबरात मारायचा आणि त्या वेलीला जोडून जाड वेल पलीकडे न्यायची.

वानराने नेम धरला. प्रत्यंचा सुटताच बाण मधोमध वाकला, सापासारखा वळवळत गेला आणि निम्म्या वाटेत पाण्यात पडला. दुसरा तसाच गेला. तिसराही. सहावा पडला तेव्हा पलीकडून वानरीची किंकाळी आली. उंबर आणखी हातभर खाली गेला होता.

वानर सुतारपक्ष्याच्या ढोलीपाशी धावला. त्याची मान खाली होती.

"काका, एक बाण उसना द्या. पोर तिकडे आहे माझे."

सुतारपक्ष्याने मागचे काही काढले नाही. ढोलीत त्याचा स्वतःचा एक बाण होता, आजवर कुणालाच न दिलेला. तो त्याने पुढे केला.

"हा चौथ्यावरच थांबलेला आहे. पोहोचेल."

बाण सुटला. हलला नाही, डुलला नाही. वेल घेऊन सरळ गेला आणि उंबराच्या खोडात बोटभर रुतला. वानरीने बारीक वेल ओढली, तिच्यामागून आलेली जाड वेल खोडाला बांधली, पोराला छातीशी घट्ट धरले आणि वेलीवरून अलीकडे आली. ती काठावर उतरते न उतरते तोच उंबर मुळासकट वाहून गेला. बाणही त्याच्याबरोबर गेला.

अमावस्येला वानर ढोलीपाशी आला. तळहातांवर फोड होते. जाड काडी घेऊन, चौथ्या भोकावर थांबून त्याने एक बाण केला होता. सुतारपक्ष्याने तो डोळ्यासमोर धरून टोकापासून टोकापर्यंत पाहिला आणि ढोलीत ठेवला. उसने फिटले.

तात्पर्य : दाबल्याने असलेले बळ घट्ट होते, नवे येत नाही, म्हणून आधी अंगात बळ हवे, आणि कुठे थांबायचे ते कळायला हवे.